अर्ध्या तासाची खुर्ची

फ्रँकफर्टच्या पुस्तकमेळ्यात एक निळा सोफा असतो. जर्मनीतली दूरचित्रवाणी आणि नभोवाणी यांच्या वतीने तो मांडला जातो आणि त्यावर दिवसभर एकामागून एक लेखक येऊन बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण अर्धा तास. एक लेखक उठत असतो तेव्हा पुढचा बाजूला उभा असतो. कोणी त्याच्या कॉलरला माइक लावत असतं, मुलाखत घेणारा आपल्या प्रतीत घातलेल्या कागदी खुणा पुन्हा चाळत असतो आणि समोर बसलेल्यांच्या मागे उभ्या असलेल्यांची गर्दी असते. त्याच वेळी त्याच आवारातल्या दुसऱ्या एका मोठ्या दालनात लिटररी एजंटांची शेकडो टेबलं ओळीने लावलेली असतात. आधी वेळ ठरवल्याशिवाय तिथे प्रवेश नाही. तिथल्या भेटीही बहुधा अर्ध्या तासाच्याच. एका अर्ध्या तासात पुस्तकाच्या अनुवादहक्काची बोलणी होतात, दुसऱ्या अर्ध्या तासात त्या पुस्तकाच्या लेखकाला चारचौघांत प्रश्न विचारले जातात. ऑक्टोबरच्या मध्यावर पाच दिवस चालणाऱ्या या मेळ्याला २०२४ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार व्यावसायिक आले आणि जवळपास तितकेच सर्वसामान्य वाचक. म्हणजे टेबलांसाठी येणारे आणि सोफ्यासाठी येणारे असे दोन सारखे जमाव तिथे असतात.

यातला पहिला जमाव म्हणजे खरा मेळा आणि दुसरा म्हणजे त्याची रोषणाई, असं सर्रास मानलं जातं. प्रकाशन व्यवसायातली अनुभवी माणसंही तसंच म्हणतात. हक्कांचे करार झाले की मेळा यशस्वी; व्याख्यानं, परिसंवाद, मुलाखती या येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. मला हे मान्य नाही. फ्रँकफर्टचा इतिहास जरा बारकाईने पाहिला तर दिसतं की तिथला व्यवहार ज्या विश्वासावर चालतो तो विश्वास या बोलण्यातून तयार होतो. आणि बोलण्यातून विश्वास तयार होतो तो एकाच अटीवर: खुर्चीत बसलेला लेखक त्या अर्ध्या तासापुरता तिचा मालक असला पाहिजे. तिच्यावर सरकारने, प्रायोजकाने किंवा घाबरलेल्या आयोजकाने हात ठेवला की नुकसान केवळ संस्कृतीचं होत नाही, बाजाराचंही होतं.

हक्कांची खरेदी म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहू. तांदूळ घेणारा मूठभर तांदूळ हातात घेऊन पाहतो. कोरियन किंवा आइसलँडिक कादंबरीचे हक्क घेणारा जर्मन प्रकाशक बहुतेकदा ती भाषा वाचूच शकत नाही. त्याच्या हातात काय असतं? वीस-पंचवीस पानांचा नमुना अनुवाद, एखाद्या भरवशाच्या वाचकाचा अहवाल, मूळ भाषेतल्या परीक्षणांचा सारांश. एवढ्यावर तो अनुवादकाचं मानधन, छपाई, वितरण यांचा खर्च अंगावर घेतो. न वाचलेल्या पुस्तकासाठी पैसे मोजायचे, तर या लेखकाला सांगण्यासारखं काही आहे आणि अवघड प्रश्न आला तर तो उभा राहील, याची खात्री लागते. ती देण्याचं काम जाहीर मुलाखत आणि परिसंवाद करतात. प्रकाशकाला लेखक दिसतो, समीक्षकाला दिसतो, पुस्तकविक्रेत्याला दिसतो. शिवाय आपलं पुस्तक परक्या देशात कसं वाचलं जाईल, याची चुणूक लेखकालाही मिळते.

बोलण्यावर बंधन आलं की पुस्तकांचा बाजार गाव सोडतो, हे याच शहराने पूर्वी अनुभवलेलं आहे. गुटेनबर्गचं माइन्झ इथून जवळच. पंधराव्या शतकात छपाई सुरू झाल्यावर फ्रँकफर्टची जुनी व्यापारी जत्रा पाहता पाहता पुस्तकांचीही जत्रा झाली. १५६४ मध्ये आउग्सबुर्गच्या गेओर्ग विलर या पुस्तकविक्रेत्याने जत्रेतल्या नव्या पुस्तकांची छापील यादी काढली. वाचकांना आणि व्यापाऱ्यांना बाजारात काय आलंय ते घरबसल्या कळू लागलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत सम्राटाचा पुस्तक-आयोग तिथे नजर ठेवू लागला. आयोग कॅथलिक बाजूचा, छापणारे बरेचसे प्रोटेस्टंट. तपासण्या, जप्त्या, नमुनाप्रतींची सक्ती यांनी वैतागलेले प्रकाशक हळूहळू लाइपझिगकडे वळले आणि अठराव्या शतकापर्यंत जर्मन पुस्तकव्यापाराचं केंद्र तिकडे गेलं. यावर इतिहासकार एक रास्त आक्षेप घेतील: तीस वर्षांच्या युद्धाने सगळा प्रदेश उद्ध्वस्त झाला होता, लॅटिन पुस्तकांची आंतरराष्ट्रीय बाजारपेठ आटत होती आणि जर्मन भाषेतलं लेखन उत्तरेकडे बहरत होतं, सगळं खापर आयोगावर फोडता येणार नाही. खरं आहे. पण युद्धाची झळ लाइपझिगलाही लागली होती, आणि तरी ते उभं राहिलं. तिथला अंमल व्यापाराच्या दृष्टीने सैल होता, हा फरक दुर्लक्षून चालणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पारडं फिरलं. लाइपझिग सोव्हिएत अमलाखाली गेलं आणि पश्चिमेकडच्या प्रकाशकांनी सप्टेंबर १९४९ मध्ये फ्रँकफर्टला पुन्हा जत्रा भरवली. २०५ जर्मन प्रकाशक आले. जागा निवडली ती पाउल्सकिर्श या लाल दगडाच्या गोलसर चर्चची. १८४८ मध्ये जर्मनीची पहिली निर्वाचित राष्ट्रसभा याच वास्तूत बसली होती. बॉम्बहल्ल्यात जळून गेलेली ही वास्तू नुकतीच पुन्हा उभी केलेली होती. गोदाम किंवा बाजारहाट सोडून सभागृहात दुकानं मांडणाऱ्या त्या माणसांना आपण काय करतोय हे पुरतं ठाऊक होतं. बारा वर्षं पुस्तकं जाळणाऱ्या, लेखकांना देशोधडीला लावणाऱ्या राजवटीत त्यांच्याच व्यवसायाची पत गेली होती. ती परत मिळवायची तर विकण्याबरोबर बोलावंही लागणार होतं.

म्हणूनच त्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने १९५० पासून शांतता पुरस्कार सुरू केला, आणि पुढच्याच वर्षापासून तो पाउल्सकिर्शमध्ये देण्याचा रिवाज पडला. मेळ्याच्या शेवटच्या रविवारी मानकरी तिथे भाषण करतो. १९६१ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांना तो मिळाला, २०२० मध्ये अमर्त्य सेन यांना. पुरस्कार कोण देतं, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. विद्यापीठ नाही, सरकार नाही; ज्यांचा हा मेळा आहे त्या प्रकाशक-विक्रेत्यांची संघटना. बाजाराला बोलण्याची गरज नसती, तर बाजारवाल्यांनी पंचाहत्तर वर्षं स्वतःच्या खिशातून हे चालवलं नसतं.

आणि ते भाषण गोडगोड असेलच अशी हमी कधी कोणी मागितली नाही. १९६८ मध्ये सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष-कवी लेओपोल्ड सेदार सेंघोर यांना पुरस्कार दिला, तेव्हा बाहेर विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली आणि त्यांचा नेता दानिएल कोन-बेंडिट याला अटक झाली. १९९८ चा प्रसंग तर जर्मन माणूस अजून विसरलेला नाही. कादंबरीकार मार्टिन वाल्झर यांनी आपल्या भाषणात, नाझी गुन्ह्यांची आठवण जर्मनांना सतत करून दिली जाते याबद्दल तक्रार केली. सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. जर्मनीतल्या ज्यूंच्या मध्यवर्ती मंडळाचे अध्यक्ष इग्नाट्स बुबिस आणि त्यांच्या पत्नी मात्र जागेवर बसून राहिले. बुबिस यांचे वडील नाझींनी मारले होते. ते स्वतः वेठछावणीतून वाचले होते. त्यानंतर दोन महिने हा वाद वृत्तपत्रांतून पेटला आणि अखेर दोघं समोरासमोर बसले, त्या संभाषणाचा वृत्तान्त छापून आला. वाल्झर यांचं म्हणणं मला पटत नाही. पण सगळं सभागृह उभं असताना बसून राहिलेली ती दोन माणसं जर्मनीला दिसली, ती खुल्या मंचामुळेच. भाषण आधी तपासून गुळगुळीत केलं असतं, तर समाजाच्या पोटात काय दडलंय ते बाहेर आलंच नसतं.

खुर्चीवरचा खरा ताण सुरू झाला तो ‘अतिथी देश’ या कल्पनेतून. १९७६ पासून मेळ्याला एखादा मुख्य विषय ठेवण्याची पद्धत पडली, पहिला मान लॅटिन अमेरिकेचा. १९८८ पासून, इटलीपासून, दरवर्षी एका देशाला किंवा प्रदेशाला बोलवायला सुरुवात झाली. अतिथी देश मोठं दालन सजवतो, लेखकांचा ताफा आणतो, अनुवादांना अनुदान देतो. पैसा मुख्यतः त्या देशाच्या सरकारचा. आणि ज्याचा पैसा त्याची यादी, हे ओघाने आलंच. २००९ मध्ये चीन अतिथी होता. मेळ्याआधी सप्टेंबरमध्ये चीनवर एक परिसंवाद ठेवला होता. तीन घाटांच्या धरणाविरुद्ध लिहिणाऱ्या पत्रकार दाय छिंग आणि परागंदा कवी बेई लिंग यांना आमंत्रण गेलं. चिनी बाजूने हरकत घेतल्यावर ते मागे घेतलं गेलं, जर्मनीत ओरड झाली, आणि दोघंही आलीच. ती बोलायला उभी राहिली तशी चिनी अधिकाऱ्यांची तुकडी उठून बाहेर गेली. मेळ्याचे संचालक युर्गेन बोस यांनी व्यासपीठावरून दिलगिरी व्यक्त केली, तेव्हा ती परत आली. ऑक्टोबरमध्ये, समारोपाच्या कार्यक्रमात, याच दोघांना पुन्हा बोलू दिलं गेलं नाही. त्यावरून मेळ्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पद गमवावं लागलं. आज त्या वर्षीचं चीनचं भव्य दालन कोणाला आठवत नाही. आठवतं ते आमंत्रण देऊन काढून घेणं. चिनी साहित्याची ओळख करून देण्यासाठी केलेल्या एवढ्या खर्चाचं हे फलित.

अतिथी देश म्हटलं की असंच होणार, असं मात्र नाही. आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, तुर्कस्तान अतिथी होता. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला गुल स्वतः हजर होते, आणि त्यांच्या समोर ओरहान पामुक यांनी आपल्या देशात लेखकांवर चालणारे खटले आणि संकेतस्थळांवरची बंदी यांबद्दल स्पष्ट शब्दांत नापसंती व्यक्त केली. ‘तुर्कत्वाचा अपमान’ या कलमाखाली पामुक यांच्यावर स्वतःवर खटला झाला होता. राष्ट्राध्यक्ष उठून गेले नाहीत. तुर्कस्तानची बदनामी झाली का? उलट, ज्या देशाचा लेखक आपल्या राष्ट्राध्यक्षासमोर असं बोलू शकतो त्या देशाचं साहित्य वाचून पाहावं, असंच ऐकणाऱ्याला वाटलं असणार. दोन्ही देशांनी पैसा ओतला. एकाच्या खुर्चीत लेखक होता, दुसऱ्याच्या खुर्चीत सरकार. इटली २०२४ मध्ये पुन्हा अतिथी होता, तेव्हा माफियावर लिहिणारे रोबेर्तो साव्हियानो सरकारी यादीत नव्हते. इटलीतल्या अनेक लेखकांनी निषेधाचं पत्र काढलं आणि साव्हियानो आपल्या जर्मन प्रकाशकाच्या आमंत्रणावरून आले. यादीत नसलेला माणूसच चर्चेच्या केंद्रस्थानी राहिला.

सगळ्यात दुखरी घटना २०२३ ची. पॅलेस्टिनी लेखिका अदनिया शिबली यांच्या एका छोट्या कादंबरीच्या जर्मन अनुवादाला मेळ्यात पुरस्कार द्यायचा होता. १९४९ मध्ये नेगेवच्या वाळवंटात इस्रायली सैनिकांनी एका बेदुइन मुलीवर केलेला बलात्कार आणि तिची हत्या हा त्या कादंबरीचा गाभा. ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यात बाराशेच्या आसपास माणसं मारली गेली. त्या धक्क्यात पुरस्कार देणाऱ्या संस्थेने समारंभ पुढे ढकलला. हे लेखिकेच्या संमतीने झालं असं आधी सांगितलं गेलं. लेखिकेच्या बाजूने ते नाकारण्यात आलं. ओल्गा तोकार्चुक आणि अब्दुलरझाक गुर्ना यांच्यासह शेकडो लेखकांनी पत्रावर सह्या केल्या. शारजा पुस्तक प्राधिकरण आणि अमिरातीतल्या प्रकाशकांची संघटना मेळ्यातून बाहेर पडली. इंडोनेशिया आणि मलेशियातूनही माघार घेतली गेली. बोलण्याचा एक छोटासा कार्यक्रम काढला, आणि बाजाराची एक अख्खी बाजू रिकामी झाली! माझ्या म्हणण्याला याहून ठळक पुरावा कोणता द्यावा? त्याच मेळ्यात जर्मन लेखकांनी शिबलींच्या त्या पुस्तकातून वाचन केलं, ही गोष्टही नोंदवायला हवी. जर्मनांची इतिहासाने ओझावलेली अवघड मनःस्थिती मी समजू शकतो. पण कादंबरी हल्ल्याच्या कितीतरी आधी लिहिलेली, पुरस्कार आधीच ठरलेला. शोक आणि ऐकणं एकाच आठवड्यात होऊ शकत नाही, असं कोणी ठरवलं?

मराठी वाचकाला इथे यवतमाळ आठवल्याशिवाय राहणार नाही. जानेवारी २०१९ च्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं आमंत्रण नयनतारा सहगल यांना गेलं, आणि इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठीच्या व्यासपीठावर कशाला, या विरोधानंतर काही दिवस आधी ते मागे घेतलं गेलं. त्यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी माणूस, ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत आणणारे. हेही त्या गोंगाटात बुडालं. अनेक निमंत्रितांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी त्याच मांडवात उभं राहून या प्रकाराबद्दल खेद मांडला, हे त्यांचं धैर्य. न झालेलं उद्घाटनाचं भाषण मराठीत अनुवादित होऊन वृत्तपत्रांतून घरोघर गेलं. फ्रँकफर्ट आणि यवतमाळ यांचा व्याप वेगळा, पैसा वेगळा. चूक मात्र एकच. आमंत्रण हा आयोजकाने दिलेला शब्द असतो, आणि शब्द मोडल्यावर मांडव कितीही मोठा घातला तरी तो उभा राहत नाही.

आता सगळ्यात जड आक्षेप. खुर्ची लेखकाची म्हणता, मग ती द्वेष पसरवणाऱ्यालाही द्यायची का? फ्रँकफर्टला या प्रश्नाने छळलं आहे. २०१७ मध्ये कडव्या उजव्या प्रकाशकांच्या कार्यक्रमांत घोषणाबाजी आणि धक्काबुक्की झाली, पोलीस आणावे लागले. २०२१ मध्ये कृष्णवर्णीय जर्मन लेखिका जास्मिना कुन्के यांनी आपला कार्यक्रम रद्द केला, कारण त्यांना जिथे बसायचं होतं त्या निळ्या सोफ्याजवळच एका उजव्या प्रकाशनाचा स्टॉल होता. त्यांना पूर्वी धमक्या आलेल्या होत्या. त्या वर्षीचा शांतता पुरस्कार झिम्बाब्वेच्या त्सित्सी दांगारेम्ब्गा यांना होता, आणि पाउल्सकिर्शमधल्या त्या सोहळ्यात एका कृष्णवर्णीय नगरसेविकेने महापौरांचं भाषण थांबवून विचारलं की काळ्या लेखिकेचा इथे गौरव होतोय आणि काळ्या लेखिकाच मेळ्यात सुरक्षित नाहीत, हे कसं? या प्रश्नापुढे ‘सर्वांना समान संधी’ हे उत्तर अपुरं आहे, हे मी मान्य करतो. कायद्याच्या चौकटीत असलेल्या प्रकाशकाला स्टॉल नाकारता येत नाही, ही मेळ्याची भूमिका तत्त्वतः बरोबर आहे; पण स्टॉल कुठे द्यायचा, पहारा कसा ठेवायचा, हे तर आयोजकाच्याच हातात असतं. एकाच्या स्टॉलमुळे दुसऱ्याची खुर्ची रिकामी राहणार असेल, तर ती खुर्ची खुली होती असं म्हणता येणार नाही. खुलेपणा म्हणजे दार उघडून बाजूला होणं नाही; तिथे बसणाऱ्याची जबाबदारी घेणं त्यातच येतं. उजव्या प्रकाशकांना हाकलून मात्र प्रश्न सुटला नसता, कारण कोणाला हाकलायचं ते ठरवणारा आयोग एकदा नेमला की तो काय करतो, हे त्या शहराने चारशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप हलका आहे, पण वारंवार येतो: आता पडद्यावर सगळं ऐकता येतं, मग प्रवास कशाला? २०२० मध्ये साथीमुळे दालनं उघडलीच नाहीत आणि कार्यक्रम इंटरनेटवरून झाले. अमर्त्य सेन अमेरिकेतून बोलले आणि पाउल्सकिर्श जवळपास रिकामं होतं. करार त्याही वर्षी झाले, व्यवसाय बुडाला नाही. तरी पुढच्या वर्षी माणसं परत आली. पडद्यावर भाषण पोहोचतं. उभ्या सभागृहात बसून राहिलेला बुबिस मात्र पोहोचत नाही.

इथवर खुर्चीच्या स्वातंत्र्याबद्दल बोललो. पण स्वतंत्र खुर्चीत बसलेला लेखक ज्या भाषेत बोलतो ती समोरच्याला कळलीच नाही, तर? परिसंवादाच्या सभागृहात मागच्या बाजूला काचेची एक खोली असते. तिच्यात दोन दुभाषे शेजारी शेजारी बसतात. एक थकला की दुसरा पुढचं वाक्य उचलतो, कारण ऐकता ऐकता बोलण्याचं हे काम फार वेळ एकट्याला पेलत नाही. लेखकाने म्हण वापरली, कविता म्हटली, की काचेआडच्या चेहऱ्यावर ताण दिसतो. त्या दुभाष्याने आणि मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक आधी वाचलेलं असेल तर तो अर्धा तास सोन्याचा होतो. नसेल तर ‘तुमच्या लेखनामागची प्रेरणा काय’ यातच तो संपतो. म्हणून बोलण्याआधी अनुवाद हवा, आणि अनुवादासाठी वर्षं लागतात. आइसलँडने हे नीट ओळखलं होतं. २०११ मध्ये अतिथी झालेल्या या देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या आतबाहेर. त्यांच्या जुन्या सागांचा, म्हणजे वीरकथांचा, नवा जर्मन अनुवाद त्याच वर्षासाठी सिद्ध करण्यात आला, आजच्या लेखकांची पुस्तकंही जर्मनमध्ये निघाली. लेखक मंचावर आले ते समोरच्या टेबलावर आपलं पुस्तक जर्मनमध्ये ठेवलेलं असताना.

मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. पण मराठीला देश नाही, मग अतिथीपद कसं मिळेल, असं कोणी म्हणेल. २००७ मध्ये फ्रँकफर्टने कॅटलान संस्कृतीला बोलावलं होतं. कॅटलान बोलणाऱ्यांच्या मुख्य प्रदेशालाही स्वतःचं सार्वभौम राष्ट्र नाही. रामोन युल या कॅटलान लेखकाच्या नावाची, २००२ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यामागे उभी होती. बार्सिलोनात राहून स्पॅनिशमध्ये लिहिणारे लेखक त्यात का नाहीत, यावर मोठा वाद झाला, आणि तो वाद होणंही उपयोगाचंच ठरलं. कॅटलान ही स्पॅनिशची बोली नाही, स्वतंत्र वाङ्मय असलेली भाषा आहे, हे कितीतरी जर्मन वाचकांना त्यातून प्रथम कळलं असेल.

भारताला हा मान दोनदा मिळाला, १९८६ मध्ये मुख्य विषय म्हणून आणि २००६ मध्ये अतिथी देश म्हणून. २००६ चं उद्घाटनाचं भाषण महाश्वेता देवींनी केलं आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले, अशा नोंदी आहेत. बंगालीत लिहिणारी ही लेखिका तोवर अनुवादांतून जगाला माहीत झालेली होती. मराठी माणसाचं त्या काळातलं जर्मनीतलं ठळक नाव म्हणजे किरण नगरकर. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही त्यांची पहिली कादंबरी मराठीत, १९७४ ची. पण जर्मन वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते प्रामुख्याने त्यांच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या अनुवादांमुळे. पुढे जर्मन सरकारनेही त्यांचा सन्मान केला. जर्मन नाटक मराठीत कधीच आलं आहे. ब्रेख्तवरून चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केलं, पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’. आपल्या घरी पाहुणे आले, त्यांचं कौतुक झालं. परतभेटीला जायचं राहून गेलं.

बोलण्याची परंपरा आपल्याकडे कमी आहे असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं ते १८७८ मध्ये. १८८५ च्या सभेचं आमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं, आणि का नाकारतोय ते पत्रात लिहिलं. त्या सभेतली भाषणं कोणाला आठवत नाहीत, ते पत्र आजही शिकवलं जातं. कऱ्हाडला १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत लेखनस्वातंत्र्याची बाजू घेऊन उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. एवढी कमाई गाठीशी असताना आपला परिसंवाद कसा होतो? पाच वक्ते, एक अध्यक्ष, दीड तास; निम्मा वेळ स्वागत आणि सत्कारात. वक्त्यांनी एकमेकांचं लेखन वाचलेलं असतंच असं नाही, श्रोत्यांच्या प्रश्नांना वेळ उरत नाही. लेखकाला शाल मिळते, प्रश्न मिळत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण ज्याला कोणी अडचणीचा प्रश्न विचारत नाही त्या लेखकाचं पुस्तक कोणी गांभीर्याने घेतलेलंच नसतं.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळला तो वीस वर्षं आधीपासून आहे, आणि तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२३ पासून चेन्नईत हक्कांच्या देवाणघेवाणीसाठी आंतरराष्ट्रीय पुस्तकमेळा भरवायला घेतला, तमिळ पुस्तकांच्या अनुवादासाठी परदेशी प्रकाशकांना अनुदान देऊ केलं. सरकारी पैसा आला की यादीचा प्रश्न येतो, हे वर सांगितलंच. म्हणून अनुदान सरकारने द्यावं आणि पुस्तकं व माणसं निवडण्याचं काम वाचणाऱ्यांच्या, अनुवाद करणाऱ्यांच्या हाती असावं, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेलं बरं. माणसं कुठून आणायची, असं विचारणाऱ्यांनी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर जावं. तिथे रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात पिढ्यान् पिढ्या मुलं-मुली जर्मन शिकत आल्या आहेत. बरीचशी पुढे कंपन्यांच्या कागदपत्रांचे अनुवाद करतात. त्यातल्या चौघांना दोन वर्षं पोटापुरतं मानधन देऊन, एखाद्या जर्मन अनुवादकाच्या जोडीला बसवून, एका मराठी कादंबरीचा अनुवाद आणि तिच्या लेखकासाठीचे प्रश्न तयार करायचे. ज्या रानड्यांनी ग्रंथकारांना पहिल्यांदा एका जागी बसवलं त्यांच्याच नावाची ती वास्तू आहे.